क्रोवेलबाईंच्या बागेतली हरिणी

बाण सुटला तेव्हा आवाज असा झालाच नाही. ओल्या पानावर कुणी बोट टेकवावे, इतकेच. हरिणी उसळली, ओकच्या झाडांमधून धावली आणि दगडी बांध ओलांडून क्रोवेलबाईंच्या सफरचंदांच्या बागेत शिरली.

मी झाडावरच्या फळीवर बसून राहिलो. बाण लागल्यावर अर्धा तास हलायचे नाही, हा आम्हा शिकाऱ्यांचा शिरस्ता. पाठलागाची चाहूल लागली तर जखमी जनावर मैलभर पळते. निवांत राहू दिले तर जवळच शांत होते. त्या अर्ध्या तासात नोव्हेंबरचे ऊन एका खोडावरून दुसऱ्या खोडावर सरकले. माझी नजर मात्र बांधावरून हलली नाही.

गावाच्या राखीव रानात धनुष्यबाणाने शिकार करू द्यावी की नाही, यावर मार्चच्या गावसभेत तीन तास वाद झाला होता. अकरा मतांच्या फरकाने परवानगी मिळाली, तीही एका हंगामापुरती. पाचही बाण ताटलीएवढ्या वर्तुळात मारून दाखवणाऱ्या चौदा जणांनाच परवाने दिले गेले. एक जरी तक्रार आली, तरी पुढच्या मार्चमध्ये सारे बंद होणार होते. सभेत सर्वांत कडाडून विरोध केला तो लव्हिनिया क्रोवेल यांनी. मी शेवटच्या रांगेत बसून बाजूने केवळ हात वर केला होता.

खाजगी जमिनीत मालकाच्या परवानगीवाचून पाऊल टाकायचे नाही, असा नियम. बांध कमरेएवढाच होता आणि पलीकडे कुणी नव्हते. गुपचूप जाऊन आणली असती तर कुणाला कळले नसते. विचारायला गेलो आणि बाई नाही म्हणाल्या, तर मी मारलेला जीव तिथेच कुजणार होता. तरीही धनुष्य झाडाखाली ठेवून मी रस्त्याने वळसा घातला, त्यांच्या फाटकातून दोनदा मागे फिरलो आणि शेवटी घंटी वाजवली. दार बाईंनीच उघडले.

"तू पेनहॅलोंचा ना? वाचनालयात पुस्तकं लावतोस तो?"

"हो, बाई. थॅडियस."

"तोंड रंगवलंयस ते? नाटकात काम मिळालं की काय?"

हरणांना चेहरा दिसू नये म्हणून गालावर लावलेला काळा रंग मी पुसू लागलो. तो आणखीच पसरला. "बाई, मी एक हरिणी मारली. ती तुमच्या बागेत आलीय. न्यायची परवानगी हवी होती."

"मेली?"

"बहुतेक. पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर परत जाईन." मी पायरीवरून एक पाऊल मागे घेतले. "पण मग तुम्ही तरी जाऊन बघा. जिवंत असेल तर वनरक्षकाला फोन करा. तिला तसंच नका सोडू."

"थांब. बूट घालते."

गवतावरचे रक्त त्यांनाच आधी दिसले. "हे बघ इथे. डोळे आहेत ना रे तुला?"

शेवटच्या झाडाखाली ती पडली होती, पाय दुमडून, विसावल्यासारखी. मी लांब काटकीने तिच्या डोळ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी हलली नाही.

"दुखलं असेल?" बाईंनी विचारले.

"हो. थोडा वेळ."

"सभेत तुमच्यातला एकही जण असं म्हणाला नाही."

मी हरिणीच्या पायाला परवान्याची चिठ्ठी बांधली. "आतडी काढून साफ करणं इथे करत नाही, रानात नेऊन करतो. आणि मांडीचा एक तुकडा तुमचा. जमीन तुमची, म्हणून."

"मला नको. कांदा घालून शिजवलेलं तर मुळीच नको."

"कांद्याशिवाय?"

"बघू." त्यांना हसू आले, आणि हसू आल्याचा राग आल्यासारखे त्यांनी गळपट्टा घट्ट आवळला. "तक्रार नाही करणार मी. पण मार्चमध्ये माझं मत विरोधातच पडणार, आत्ताच सांगून ठेवते."

"हो, बाई."

"मग उभा काय राहिलास? पुढचे पाय धर. एकट्याला ओढवणार आहे का तुला?"

उतारावरून फाटकापर्यंत आम्ही तीनदा थांबलो. ही हरिणी सप्टेंबरपासून कोणत्या वाटेने येई, ओढ्यापाशी कशी कान टवकारून उभी राही, हे मी सांगत होतो. बाई धापा टाकत ऐकत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "मग?"