बाईंची तोंडी परीक्षा

त्यांना स्वतःचं नाव होतं, पण गल्लीत ते कुणी वापरत नसे. सगळे त्यांना ‘बाईंचे मिस्टर’ म्हणत. जन्मभर कारखान्यात नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस, तरी ओळख बायकोचीच. मिस्टरांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट ते जरा मिरवतच. बाई घराच्या पुढच्या खोलीत बीजगणिताचा क्लास घेत आणि इतरांनी हात टेकलेल्या मुली त्यांच्याकडे येऊन पास होत.

आकडा दिसला की तो फोडल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. पुढच्या मोटारीचा नंबर वाचला की लगेच त्याचे मूळ अवयव पाडायचे आणि भर रस्त्यात मिस्टरांना विचारायचं, “बरोबर का हो?” मिस्टर न तपासताच मान डोलवत. तपासायची कधी गरजच पडली नव्हती.

त्या सकाळी फळ्यावर दोन पदं होती, 91x²y आणि 65xy. मसावि काढायचा होता. मिस्टर आत भाजी चिरत होते आणि सवयीने कान बाहेर होता.

“पासष्ट म्हणजे पाच गुणिले तेरा,” बाई म्हणाल्या. “एक्क्याण्णव ही मूळ संख्या, तिला कुणी भागत नाही. म्हणून सामाईक काय? फक्त xy.”

मिस्टरांची सुरी थांबली.

“बाई,” पहिल्या बाकावरची मुलगी चाचरत म्हणाली, “तेरा सत्ते एक्क्याण्णव होतात ना? मग तेरा पण सामाईक. 13xy येईल.”

“मला शिकवतेस? पाढे पाठ नाहीत आणि तोंड वर करून बोलतेस? ऊठ, बाहेर हो!”

मुलगी डोळे पुसत दारातून गेली. ती बरोबर होती, हे मिस्टरांना कळत होतं. बाहेर जाऊन तसं म्हणायला दोन पावलं पुरली असती. पण बायकोचं गणित चुकलं, असं म्हणायची जिभेला सवयच नव्हती. ते पुन्हा भाजी चिरू लागले आणि स्वतःचीच त्यांना लाज वाटली.

हे काही पहिल्यांदाच घडत नव्हतं. सोडवून झालेलं उदाहरण बाई पुन्हा फळ्यावर घालत. मुलींची नावं अदलाबदल होत. मिस्टरांनी लेकीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, आईला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. टाळू नका. आणि काही निघालं तर क्लास बंद करायचा आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. ऐकताय ना?”

मिस्टर ऐकत होते. क्लास बंद झाला तर बाई दिवसभर करणार काय? लेकीच्या घरी खिडकीशी बसलेल्या बाई त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या आणि त्यांना ते बघवेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

डॉक्टर काय विचारतात, ते त्यांनी मोबाईलवर शोधून काढलं. शंभरमधून सात वजा करत जायचं. झालं, सकाळच्या चहाबरोबर घोकंपट्टी सुरू झाली.

“त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. म्हण बघू.”

“हे कशाला हो?”

“अगं, डोक्याला व्यायाम.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. पण त्यांनी म्हटलं. चुकल्या की मिस्टर पुढचा आकडा पुरवत. जन्मभर हिने शिकवलं, आता मी शिकवतोय, असं वाटून त्यांना क्षणभर बरं वाटे आणि मग चहा कडू लागे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ होता. कुठला महिना, कुठला वार, हे विचारून झालं. मग त्या म्हणाल्या, “आता शंभरमधून सात वजा करा. जे येईल त्यातून परत सात. असंच खाली या.”

“त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट.” बाईंनी एका दमात म्हणून टाकलं.

“अरे वा! छान.” डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. मिस्टर खुर्चीत मागे टेकले.

“खोडा ते,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“ते उत्तर माझं नाही. ह्यांनी घोटून घेतलंय माझ्याकडून. मला काय झालंय ते मला कळायला नको का? दुसरा आकडा द्या.”

मिस्टरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “बरं. नव्वदपासून सुरू करा.”

“त्र्याऐंशी,” बाई म्हणाल्या. मग थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, बोटं पदराशी चाळा करू लागली. मिस्टरांचे ओठ आपोआप हलले.

“अहो, तोंड फिरवा तिकडे.”

मिस्टरांनी तोंड फिरवलं. समोर पांढरी भिंत होती. पाठीमागे पंखा फिरत होता आणि बाई काहीतरी पुटपुटत होत्या. आतून धावून आलेलं शहात्तर त्यांनी दातांखाली दाबून धरलं.

“अठ्ठ्याहत्तर,” बाई अखेर म्हणाल्या. “बरोबर का हो?”

त्यांना मान डोलवता आली असती. ती डोलवायला मान तयारच होती. मिस्टर खुर्चीत वळले आणि बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “नाही गं. चुकलं.”

बाईंचे डोळे भरले. त्यांनी ते पदराने टिपले, मिस्टरांचा हात हातात घेतला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “आता लिहा.”