दुसरा वार

आमच्या गावात वेताची काठी घरोघरी असायची, पण ती चालवायची कशी, ते शिकायला माझ्या वडिलांकडेच यावं लागे. मी त्यांना ताताय म्हणते, गाव त्यांना मानोंग फेर्मिन म्हणायचं, म्हणजे फेर्मिनदादा. घरामागे नारळांच्या मध्ये चोपून घट्ट केलेली जागा होती. ऊन कललं की तिथे काठ्यांचा खटखटाट सुरू व्हायचा. आधी एक काठी, मग दोन, मग काठीबरोबर लाकडी सुरा. ज्याचं डोकं थंड आहे अशी तातायची खात्री पटेल, त्याच्याच हातात शेवटी खरा कोयता. आमच्या एस्क्रीमात, म्हणजे या काठीच्या विद्येत, वारांना नावं नसतात, आकडे असतात. उजव्या हाताने वरून तिरका येतो तो पहिला, त्याच्या उलटा तो दुसरा, असे पुढे.

ताताय हाडवैद्यही होते. मुरगळलेला घोटा, निखळलेला खांदा, सगळं त्यांच्याकडे यायचं. मला भाऊ नाही, म्हणून लहानपणापासून समोर काठी घेऊन उभी राहायची ती मी, आणि हाड बसवताना माणसाला धरून ठेवायची तीही मीच.

त्यांचा सगळ्यात तयार शिष्य म्हणजे देन्सियो, माझ्या सोर्सिया आत्याचा मुलगा; मामाला तो तियो म्हणायचा. होड्या बांधायचा. रंधा मारताना आणि काठी फिरवताना त्याचं मनगट सारखंच सैल असायचं. जत्रेत आमचे खेळ व्हायचे तेव्हा लोक त्यालाच बघायला यायचे. त्याने वरच्या डोंगरातल्या रुफिनाशी लग्न केलं तेव्हा ताताय इतके खूश होते, की वरातीपुढे स्वतः काठ्या फिरवत चालले.

रुफिना बाजारात सुकी मासळी विकायची. कमी बोलायची, पण गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की एका शब्दात गप्प करायची. एकदा ती मनगट दाखवायला आमच्याकडे आली. तातायनी तिची बाही वर सरकवली. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या बाहेरच्या बाजूला वळ होते. काही काळेनिळे, काही पिवळे पडत आलेले.

"पडलीस?"

"हो. जिन्यावरून."

तातायनी तिचा हात हळूच उचलून तिच्या डोक्याजवळ नेला, मार चुकवायला माणूस धरतो तसा. वळ सगळे एका बाजूला आले.

"हा जिना उजव्या हाताचा दिसतोय," ते म्हणाले. "वरून तिरका आलेला."

रुफिना जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हीच शिकवलाय ना तो, तियो."

तातायनी तिच्या मनगटाला तेल लावलं, पट्टी बांधली. ती गेल्यावर बराच वेळ ते तेलाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही देन्सियोच्या होडीच्या मांडवात गेलो. त्याने रंधा ठेवला, तातायचा हात घेऊन कपाळाला लावला. अदब त्याच्यात नेहमीच होती.

"रुफिनाचा हात मी पाहिला," ताताय म्हणाले.

"नवरा-बायकोत व्हायचंच, तियो. तुमच्यात काय कधी झालं नाही?"

"झालं. काठी खुंटीला असायची."

"ती तोंड चालवते." देन्सियो हसला. "मला तोंड चालवता येत नाही, तुम्हाला माहितीय."

ताताय हसले नाहीत. "तुला मी मारायला शिकवलं नाही, देन्सियो. मारणाऱ्यापुढे उभं राहायला शिकवलं."

"हो, तियो." त्याने मान खाली घातली. "परत नाही होणार."

त्याच्या बोलण्यावर तातायचा विश्वास बसला. मला वाटतं, त्यांना बसवायचाच होता.

पाऊसकाळ संपायच्या आत रुफिना परत आली. या वेळी वळ हातावर नव्हते, पाठीवर होते. तिने तेल मागितलं नाही. मागच्या अंगणात मुलं सराव करत होती, तिकडे बोट दाखवून म्हणाली, "मला हे शिकवा."

"तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे," ताताय म्हणाले.

"मी कोणाची कोणी नाही का?"

मग मीच म्हटलं, "तुम्हाला नको असेल तर मी शिकवते." तातायनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता दोन शब्द ऐकावे लागणार असं मला वाटलं. पण ते उठले, दोन काठ्या घेतल्या आणि एक तिला दिली.

त्यांनी तिला फार काही शिकवलं नाही. खेळात दाखवायच्या फिरक्या नाहीत, सुरा नाही. पाय कसे सरकवायचे, भिंतीला पाठ कशी लागू द्यायची नाही, आणि एकच वार.

"सापाशी भांडत बसायचं नाही," ते सांगायचे. "त्याचे दात पाडायचे. माणसाचे दात त्याच्या हातात असतात. ज्या हातात काठी आहे त्या मनगटावर मारायचं. काठी खाली पडली की तुझं काम संपलं. मग काय करायचं?"

"दुसरा मारायचा."

"नाही. दार. काठी पडली की दार."

हा प्रश्न ते रोज विचारायचे. हळूहळू ती बरोबर उत्तर द्यायला लागली. समोर मी असायचे. तिचा वार वेळेवर यायचा, पण माझी काठी पडल्यावरही तिचा हात वरच राहायचा. ताताय म्हणायचे, "खाली कर, रुफिना. संपलं." मग कुठे हात खाली यायचा.

आत्याच्या कानावर जायचं ते गेलंच. ती आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. मानोंगचं ती नुसतं नोंग करायची.

"नोंग, सुनेला नवऱ्याशी लढायला शिकवतोस म्हणे. मग असं कर ना, रविवारी कोंबड्यांच्या जागी हिलाच उतरव झुंजीला. मी येते बघायला."

"आधी आत ये, सोर्सिया."

"मी कशाला येऊ? तुझ्या घरात आता दुसऱ्याचं घर मोडायचं शिकवतात."

ती गेली. देन्सियो मात्र आलाच नाही. रस्त्यात भेटला की तातायचा हात कपाळाला लावायचा आणि निघून जायचा. त्याच्या अदबीची मला त्या दिवसांत भीती वाटायची.

तो रविवार होता. झुंजीत देन्सियोचा लाल कोंबडा मेला होता, असं आम्हाला नंतर कळलं. आम्ही मक्याचा भात वाढून घेत होतो तेवढ्यात रुफिना आली. धावत नाही, चालत. पायात काही नव्हतं, हातात काठी होती. पायरीवर बसली आणि म्हणाली, "त्याचा हात बघा जाऊन, तियो. मी नीट आहे."

तातायनी तेल, कापड आणि बांबूच्या पट्ट्या घेतल्या. मी मागोमाग गेले.

देन्सियो उंबऱ्याला टेकून बसला होता. तोंडाला माडीचा वास होता, पण तो पूर्ण शुद्धीत होता. आत्या त्याचं डोकं धरून बसली होती. उजवं मनगट मागच्या बाजूला सुजून टम्म झालं होतं. तो वार मी ओळखला. पण बोटांचं वेगळंच होतं. दोन बोटांची पेरं चेचली होती, कातडी फाटली होती. ताताय उंबऱ्याकडे वळले. लाकडावर रक्त होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काठी हातात असताना बोटं अशी चेचली जात नाहीत. हात खाली टेकलेला असावा लागतो.

मी देन्सियोचा दंड धरला, तातायनी हाडं ओढून बसवली. त्याने दातांत पंचा धरला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो तातायकडे लहान मुलासारखा बघत होता.

"उद्या शहरातल्या इस्पितळात ने याला," ताताय म्हणाले. "हाडांचा फोटो काढायला हवा. बोटं मला एकट्याला जमण्यासारखी नाहीत."

"आधी हात मोडायचा, मग पट्टी बांधायची," आत्या म्हणाली. "कुठेही नेणार नाही. तूच मोडलास, तूच जोड."

बायकांना राखणारा कायदा तेव्हा अजून आला नव्हता. भांडण गावच्या प्रमुखापुढे, कपितानपुढे, जायचं आणि तो म्हणेल तसं बहुधा व्हायचं. आत्याने तक्रार नेली. गावाच्या मांडवात बाकं मांडली. एका बाजूला आत्या आणि गळ्यात हात अडकवलेला देन्सियो, दुसऱ्या बाजूला रुफिना. ताताय कुठे बसावं हे न कळून मध्येच उभे राहिले.

कपितान भला माणूस होता, पण त्याला घरी जायची घाई असायची. त्याने विचारलं, "मानोंग फेर्मिन, तुम्ही दोघांनाही शिकवलंत. जखम तुम्ही बांधलीत. मला एवढंच सांगा. बाईने जीव वाचवायला मारलं, की सूड घ्यायला? एक वार होता?"

माझे वडील खोटं बोलत नाहीत हे गावाला माहीत होतं, म्हणून तर त्यांना विचारलं होतं.

"मी तिथे नव्हतो," ते म्हणाले.

"ते माहितीय. हात बघून तुम्हाला काय वाटलं?"

तातायनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते, मला आजही ठाऊक नाही. रुफिनाच मध्ये बोलली.

"दोन होते. पहिल्याने काठी पडली. तो उचलायला वाकला. त्याचा हात उंबऱ्यावर होता तेव्हा दुसरा मारला. मला दार दिसत होतं. मी गेले असते तर उद्या परत यावं लागलं असतं. म्हणून मारला."

"ऐकलंत?" आत्या म्हणाली.

रुफिना तातायकडे वळली. "तुम्ही सांगितलं होतं तसं मी केलं नाही, तियो. तुमची चूक नाही."

कपितानने कपाळ चोळलं. तक्रार पुढे शहरात न्यायची असेल तर न्या, म्हणाला. पण मग देन्सियोला तिथेही सगळं सांगावं लागेल, आणि तिची पाठही लोक बघतील. देन्सियो पहिल्यांदाच बोलला. "नको. तिला जाऊ दे." बायकोने कसं मारलं, हे अनोळखी माणसांपुढे सांगणं त्याला हाताच्या दुखण्यापेक्षा जड होतं. रुफिना त्याच आठवड्यात सेबूला बहिणीकडे निघून गेली. बोटीवर पोहोचवायला मी गेले होते. ती रडली नाही, मागे वळून बघितलंही नाही.

देन्सियोचं मनगट जुळलं, बोटं वाकडीच राहिली. रंधा धरता येईना, तेव्हा तो दुसऱ्यांच्या होड्यांना रंग द्यायला लागला. गावात कुजबुज झाली, की फेर्मिनने मुद्दामच हाड वाकडं बसवलं. हाडवैद्य म्हणून आमच्याकडे येणारे कमी झाले. आत्या तर आमच्या दारावरून जाताना मान फिरवायची. तातायनी अंगणातला सराव बंद केला. काही बायका माझ्याकडे आल्या, त्यांना मी शिकवू लागले. ताताय घरात बसून काठ्यांचा आवाज ऐकत, बाहेर येत नसत.

वर्ष उलटलं असेल. देन्सियोने खालच्या वाडीतली लुमेन नावाची मुलगी घरात आणून ठेवायचं ठरवल्याचं कळलं. आमच्यात घटस्फोट नाही, त्यामुळे लग्न नाहीच, नुसतं एकत्र राहणं. ते ऐकून ताताय उठले, धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल."

लुमेनच्या बापाने आम्हाला बसवलं, कॉफी दिली. तातायनी सगळं सांगितलं, कोणावर काही न ढकलता. बाप शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मानोंग, तुमचे उपकार. पण आता त्याचा हातच गेलाय. मारणार कशाने?"

लुमेन चुलीपाशी होती. तिचे हात थांबले.

परत येताना समुद्राकाठच्या वाटेवर मी विचारलं, "ताताय, हाड तुम्ही नीट बसवलं होतंत ना?" मी स्वतः दंड धरून बसले होते, तरी विचारलं.

ते चालता चालताच म्हणाले, "येत होतं तेवढं नीट बसवलं. काही राखून ठेवलं नाही. पण बसवताना मनात आलं, नाही जुळला तर बरं होईल. पोटचा असता तर आलं नसतं असं म्हणवत नाही. मनात आलं ते हातात उतरलं की नाही, हे कुणाला विचारू?"

मी त्यांचा हात धरला. लहान असताना धरायचे तसा नाही, म्हाताऱ्या माणसाला धरतात तसा.

लुमेन देन्सियोकडे राहायला गेली. काही महिन्यांनी एका शनिवारी ती कुंपणाशी आली. तिच्या अंगावर काही दिसत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. काठी कशी धरायची ते दाखवू लागले तेव्हा घराचं दार वाजलं. ताताय बाहेर आले होते. त्यांनी लुमेनच्या पायांकडे पाहिलं, जवळ येऊन तिचा मागचा पाय किंचित बाहेर सरकवला, आणि माझ्या हातातली काठी मागून घेऊन स्वतः तिच्यासमोर उभे राहिले.