उभं पीक

सहा जानेवारीला बव्हेरियात सुट्टी असते. गार्चिंगच्या संशोधन संस्थेत त्या दिवशी मुक्ता एकटीच होती. हीटिंग सुट्टीपुरतं कमी केलेलं होतं, म्हणून तिने जॅकेट काढलं नव्हतं. सुदानमधल्या एका जिल्ह्यात यंदा ज्वारी किती झाली, याचा अंदाज तिला संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. अंदाज चांगला आला, तर तो जिल्हा धान्याच्या मदतीतून वगळला जाणार होता.

युद्धामुळे तिथे मोजणीला कुणी जाऊ शकत नव्हतं. उपग्रहाची चित्रं होती आणि इद्रिस नावाचा एक स्थानिक कृषी अधिकारी होता. डिसेंबरच्या मध्यात त्याचा मेसेज आला, ‘क्रॉप इज स्टँडिंग.’ त्यानंतर त्याचा फोन बंद होता. पीक चांगलं असल्याची खूण म्हणून मुक्ताने तो मेसेज धरला होता. पावसाळाभर रानं हिरवी होती, हे चित्रांतही दिसत होतं.

दुपारी बार्शीहून आईचा फोन आला.

“सुट्टीच्या दिवशी ऑफिसात? कुणी आहे का तरी सोबतीला?”

“कुणी नाही. काम आहे गं. ज्वारीचं.”

“जर्मनीला जाऊन शेवटी ज्वारीच? मग आमची बघ की. काल हुरड्याला गेलो होतो. अशी उभी आहे यंदा, नुसतं बघत राहावं!”

मुक्ताने इद्रिसचा मेसेज पुन्हा उघडला.

“अगं, ऐकतेयस ना? का फोन अडकला पुन्हा?”

“आई, उभी आहे म्हणजे चांगलंच ना?”

“म्हणजे काय! काढणीला अजून महिना आहे.”

सुदानात काढणी नोव्हेंबरातच सुरू होते. डिसेंबरच्या मध्यात निम्मी रानं तरी मोकळी व्हायला हवी होती. इद्रिसचं वाक्य मुक्ताने बार्शीच्या कानांनी ऐकलं होतं.

फोन ठेवून तिने रडारची चित्रं काढली. कापलेलं रान त्यात वेगळं दिसतं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. गावांभोवतीचे थोडे तुकडे सोडले, तर काहीच बदललं नव्हतं. तिने प्रकल्पप्रमुख श्टेफानला फोन लावला. त्याच्या मागे मुलं ओरडत होती.

“आल्झो, म्हणजे उत्पादन सरासरीपेक्षा जास्त आहे ना?”

“पिकलंय. काढलेलं नाही. कणसं उभ्या ताटांवरच आहेत.”

“मुक्ता, आपण पीक मोजतो. ते कोण काढतं, हे आपलं काम नाही.”

“मग उत्पादन कुणाच्या नावावर लिहू? पाखरांच्या?”

मुलांचा आवाज कमी झाला; त्याने दार लावलं असावं.

“खात्री आहे?”

“काढलं नाही, याची आहे. माणसं निघून गेली असावीत. ते सांगायला कुणी उरलं नाही.”

“गेनाऊ, बरोबर. मग तसंच लिही. हाती आलेलं धान्य जवळपास शून्य. माझंही नाव घाल.” मग तो म्हणाला, “पण माणसंच नसतील, तर धान्य पाठवायचं कुठे?”

“माहीत नाही.”

“बरं. घरी जा आता.”

अहवालात तिने ‘जवळपास शून्य’ लिहिलं. खाली एक ओळ घातली: लोक कुठे गेले, हे कळलेलं नाही. अहवाल पाठवल्यावर तिने शेजारच्या जिल्ह्याचं चित्र उघडलं. तो जिल्हा तिच्याकडे नव्हता. मागच्या महिन्यात नदीकाठी मोकळी जमीन होती, तिथे आता पांढरे चौकोनी ठिपके होते. ती एकेक मोठा करून बघू लागली. तंबूंची छपरं दिसत होती. त्या उंचीवरून माणसं दिसत नाहीत.