यमुताई उंटावर बसल्या

रामदासपेठेतल्या एका शाळेत उत्तरा चौथीच्या मुलांना शिकवायची. शनिवारी शेवटच्या तासाला गोष्टीचं पुस्तक वाचायची तिची पद्धत होती. १९७६च्या जानेवारीत तिनं कपाटातून ‘सुमीचा उंट’ काढलं. लहानपणी तिनं ते इतक्यांदा वाचलं होतं की झिपऱ्या नावाचा तो उंट तिला घरातलाच वाटायचा.

सगळ्यांच्या आवडीचा प्रसंग आला. सुमी झिपऱ्यावर बसते, तो पुढचे पाय टेकून आधी समोरून उभा राहतो आणि सुमी घसरत घसरत थेट शेपटीला लोंबकळते. वर्ग खो खो हसला.

दाराशी नोटीस घेऊन आलेला शिपाई धोंडबा मात्र हसला नाही.

“बाई, हे चुकलं हाय जी. उंट मांगून उठते. मानूस सामोर पडते, मानेवर.”

“पुस्तकात चूक?” एक पोरगी चिडून म्हणाली.

“काहून, पुस्तकात होत नाही का? आमच्या सावनेरले भावाच्या वावरात दरवर्षी रबारी मेंढपाळ मेंढ्या बसवतात. त्यायचे उंट मी पाहून राहिलो लहानपणापासून.”

उत्तराला रात्रभर ते डाचत राहिलं. पुस्तक लिहिणाऱ्या यमुताई शाळेपासून तीन गल्ल्या पलीकडेच राहत. वय अडुसष्ट. रविवारी ती भीतभीत त्यांच्याकडे गेली आणि धोंडबाचं म्हणणं सांगितलं.

यमुताई म्हणाल्या, “अगं, मी उंट पाहिलाय तो सर्कशीत, तोही मागच्या बाकावरून. बसलेला उंट उठताना कुठं पाहिला मी? गाय उठते त्याच्या उलट काहीतरी गमतीचं हवं होतं, म्हणून लिहिलं. तीस वर्षांत कुणी विचारलंही नाही.”

“राहू द्या ना ताई. मुलांना तेच आवडतं.”

“राहू कसं देऊ? तुमचा तो धोंडबा नेईल का मला उंट बघायला?”

पुढच्या रविवारी तिघं सकाळच्या एस.टी.नं सावनेरला उतरली. धोंडबाचा भाऊ बैलबंडी घेऊन आला होता. कापूस वेचून झालेल्या वावरात मेंढ्यांचा कळप बसला होता आणि बाभळीखाली चार उंट रवंथ करत होते. यमुताई जवळ गेल्या आणि थबकल्या.

“केवढ्या पापण्या आहेत गं याच्या! हे मी लिहायला हवं होतं.”

काळ्या ओढणीतल्या रबारीण बाईनं हसून विचारलं, “बैठोगी, माताजी?”

उत्तरा नको नको म्हणत असतानाच यमुताईंनी पदर खोचला. धोंडबानं आणि त्याच्या भावानं त्यांना वर चढवलं.

“मांगं झुका, ताई! मांगं!” धोंडबा ओरडला.

उंटानं मागचे पाय ताणले. यमुताई भसकन पुढं गेल्या, चष्मा नाकावरून निसटला आणि त्यांनी दोन्ही हातांनी उंटाच्या मानेला मिठी मारली. उत्तरानं डोळेच मिटले. मग वरून हसण्याचा आवाज आला. असं हसणं तिनं एवढ्या वयाच्या बाईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“धोंडबा! माझी सुमी तीस वर्षं उलटी पडतेय रे!”

“सांगतलं व्हतं ना जी!”

शेताला दोन फेऱ्या झाल्या तरी त्या उतरायला तयार नव्हत्या. उतरल्यावर तिथंच बांधावर बसून त्यांनी भाकर, ठेचा आणि रबारीण बाईनं दिलेला पेलाभर चहा घेतला. चहात उंटिणीचं दूध होतं, हे त्यांना प्याल्यावर कळलं, आणि त्यांनी आणखी मागितला.

शनिवारी त्या स्वतः वर्गात आल्या. झालेलं सगळं सांगितलं.

ती चिडकी पोरगी उभी राहिली. “म्हणजे पुस्तक खोटं?”

“चुकलेलं आहे. न बघता लिहिलं मी. आता बघून आलेय, तर विचारा.”

मग प्रश्न थांबेनात. त्याचा वास कसा येतो? तो थुंकला का? त्याला गुदगुल्या होतात का? यमुताई मान लांब करून, ओठ लोंबवून उंट करून दाखवत होत्या. बाहेर पालक खोळंबले, मुख्याध्यापिका शाळा सुटायची घंटा का होत नाही म्हणून शोधत आल्या, तर घंटा द्यायचा माणूस शेवटच्या बाकावर पोरांमध्ये दाटीवाटीनं बसून हसत होता.