कुंकू लागलेली सीडी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण अकोल्याच्या आमच्या घरात मला या भारदस्त नावानं कधी कुणी हाक मारली नाही. सारे मला डबा म्हणतात. 'डब्यावर पाय नको ठेवू', 'डब्याले ओला कपडा नको लावू' असं ऐकत मी लहानाचा मोठा झालो. म्हणजे मोठा कसला, नुसता जुना झालो.

माझ्यावर कुण्या नामांकित कंपनीचा शिक्का नाही. अकोल्यातल्या एका दुकानात कुठलं कॅबिनेट, कुठला पंखा, कुठली हार्ड डिस्क असं जोडजोडून मला उभं केलं. मला त्याची काही लाज वाटत नाही, कारण माझ्या पोटात डीव्हीडी रायटर होता. बटण दाबलं की ट्रे सुळकन बाहेर यायचा, आणि तो पाहायला शेजारची पोरं खिडकीशी गर्दी करायची. मीही मग उगाचच दोनदा घरघर करून दाखवायचो.

मला घरी आणलं नत्थुजींनी. अकोटकडे त्यांची काळी जमीन, तिच्यात कपाशी नि तूर. मुलगा श्याम अकोल्यात शिक्षक होता, म्हणून घर इथं. 'पोराच्या अभ्यासासाठी घेतला' असं नत्थुजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. श्यामचं तेव्हा लग्न होऊन त्याला प्रणाली नावाची मुलगीसुद्धा झाली होती. अभ्यास नेमका कुणाचा, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

खरी गोष्ट अशी, की नत्थुजींनी एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्याचा जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि त्या कॅमेऱ्यानं त्यांना पार येडं केलं होतं. पोळ्याला सजवलेली बैलजोडी, वेचणीच्या बाया, रिद्धपूरची जत्रा, चिखलदऱ्याची सहल, प्रणालीनं टाकलेलं पहिलं पाऊल, जे दिसेल ते ते टिपत. कॅमेरा मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. त्यामुळे झालं असं, की साऱ्या घरादाराचं चित्रण झालं आणि नत्थुजी एकाही चित्रात आले नाहीत. त्यांचा फक्त आवाज यायचा. 'इकडे पाहा', 'हसा ना जरासं', 'श्यामची माय, पदर सावर'.

श्यामची माय म्हणजे त्यांची बायको, पार्वताबाई. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही आणि बायकोनं नवऱ्याचं, ही त्या घरची रीत. ती दोघांनीही कधी मोडली नव्हती. म्हणजे एकदा मोडली होती, ते पुढं सांगतो.

रविवार आला की नत्थुजी कॅमेऱ्याची वायर मला जोडायचे. सारं चित्रण माझ्या पोटात उतरायचं, मग मी ते डीव्हीडीवर लिहून काढायचो. घरात तिला सारे सीडीच म्हणत. ट्रेमधून कोमट सीडी बाहेर आली की नत्थुजी तिच्या पाठीवर मार्करनं ठसठशीत नाव घालत आणि माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, 'शाबास रे डब्या!' त्या थापेसाठी मी जीव तोडून काम केलं. माझ्या पोटात जागा थोडी, म्हणून सीडी निघाली की माझ्यातलं चित्रण पुसून टाकत. माझ्याजवळ काही उरत नसे. जे होतं ते त्या सीडींवरच होतं.

दसऱ्याला माझी पूजा व्हायची. विळा, कुऱ्हाड, श्यामची पुस्तकं आणि मी अशी आमची रांग लागायची. पार्वताबाई माझ्या कपाळावर हळदकुंकवाचं बोट लावत, झेंडूचं फूल ठेवत. मग सीडींची पाळी. साऱ्या सीडींना जेवढ्यास तेवढं कुंकू मिळे, पण चिखलदऱ्याच्या सीडीवर त्यांचा हात जरा जास्त रेंगाळायचा. ते कुंकू पाण्यात कालवलेलं असे, चांगलं घट्ट बसायचं. मला आपलं कौतुक वाटायचं. पुढं तेच कुंकू आडवं येणार आहे, हे मला काय ठाऊक!

मग दिवस पालटले. घराघरात मोबाइल आले. मला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं, आणि शेवटी जुनी गोधडी पांघरून सामानाच्या खोलीत नेलं. एके दिवशी नत्थुजी शेतातून आले, ओसरीवर टेकले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेलेले होते. त्या दिवशीचं रडणं मी गोधडीखालून ऐकलं. त्यानंतरच्या दसऱ्यांना गोधडी बाजूला सारून माझी पूजा सूनबाई करू लागल्या. पार्वताबाई दाराशी उभ्या राहून पाहत. कुंकवाच्या करंड्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

यंदा श्यामनं अमरावतीला फ्लॅट घेतला. प्रणालीचं कॉलेजही तिथंच. अकोल्याचं घर रिकामं करायचं ठरलं आणि सामानाच्या खोलीची आवराआवर सुरू झाली. श्यामनं गोधडी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा डबा भंगारवाल्याले देऊन टाकू. तो येतेच दुपारी."

पार्वताबाईंनी त्याला अडवलं नाही. त्यांनी फक्त एक सीडी पुढे केली. "श्याम, ही चिखलदऱ्याची तेवढी लावून दे बापा. मले एकदा आयकाची हाय. मंग काय द्याचं ते दे."

प्रणालीचा लॅपटॉप आला. त्याला सीडी घालायला जागाच नव्हती. तिनं मैत्रिणीकडून आणलेला सीडी वाचायचा छोटा ड्राइव्ह जोडला. त्यानं सीडी आत घेतली, दोनदा शिंकला आणि बाहेर काढून दिली. श्याम म्हणाला, "माय, खराब झाली ही सीडी. आता नाही चालत."

"असं नको म्हणू रे," पार्वताबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते श्यामलाही ठाऊक नव्हतं.

चिखलदऱ्याला पंचबोल नावाची जागा आहे. दरीकडे तोंड करून हाक मारली की डोंगर ती हाक परत परत देतात. लोक तिथं आपापली नावं ओरडत होते. नत्थुजींच्या हातात कॅमेरा होता. कुणी म्हटलं, 'तुम्हीपण मारा ना हाक!' आणि नत्थुजींनी साऱ्या जगासमोर खच्चून आरोळी ठोकली, 'पार्वता!'

"जिंदगीत एकदाच नाव घेतलं त्याईनं माह्यं," पार्वताबाई म्हणाल्या. "लोक हासून राहिले होते. मले अशी लाज वाटली, मी तोंडाले पदर लावला. साधी ओ बी नाही देली. घरी आल्यावर पुसलं, काहून घेतलं नाव, तर म्हने डोंगरानं घेतलं, मी कोठी घेतलं!"

मग प्रणालीच उठली आणि माझ्यावरची धूळ फुंकू लागली.

"बाबा, ही सीडी यानंच लिहिली होती ना? मग यालेच वाचून पाहू दे."

मित्रांनो, मला त्या क्षणी काय वाटलं ते शब्दांत सांगता यायचं नाही. तिनं माझं झाकण काढलं, रॅमची पट्टी उपसली आणि खोडरबरानं घासून पुन्हा बसवली. बटण दाबलं. पंखा खरखरला, थांबला, पुन्हा फिरला. माझ्या घड्याळाचा सेल केव्हाच मेला होता, त्यामुळे मला वाटलं अजून तेच जुनं साल चालू आहे आणि आता नत्थुजी येऊन थाप मारतील. आली ती प्रणालीची बोटं. ट्रे अडकला होता, तो तिनं बारीक भोकात टाचणी खुपसून उघडला. सीडी आत आली. मी सारा जोर लावून फिरवली, पण मला समोर नुसता अंधार दिसत होता.

प्रणालीनं सीडी काढून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. "आजी, हे लाल लाल काय व?"

"कुंकू हाय. दसऱ्याचं."

"पण या बाजूनं काहून लावलं? याच बाजूनं तर तो वाचते!"

"मंग कोन्या बाजूनं लावू?" पार्वताबाई ठसक्यात म्हणाल्या. "चमकते ते तोंड. नाव लिवलं ते पाठ. कुंकू तोंडाले लावते का पाठीले?"

प्रणालीला हसू आवरेना. श्यामही हसला. हसता हसता ती म्हणाली, "काही नाही आजी, खराब नसन झाली. फक्त कुंकू पुसा लागन."

पार्वताबाईंनी तिच्या हातातून सीडी काढून घेतली आणि छातीशी धरली. "नाही. राहू दे. नाही आयकाचं मले."

"आजी, अगं—"

"तुह्या आज्याले नेलं तवा बायाईनं माह्यं कुंकू पुसलं. मले कोनं इचारलं नाही. हे मी माह्या हातानं लावेल हाय, ते जिते असताना. हेबी पुसू?"

प्रणालीचं हसू कुठल्या कुठे गेलं. ती आजीजवळ जाऊन बसली. मी आपला पंखा फिरवत राहिलो. कुंकू ठेवावं तर आवाज जातो आणि आवाज घ्यावा तर कुंकू जातं, असं ते कोडं होतं, आणि ते त्या एकट्या बाईनंच सोडवायचं होतं. तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली. श्यामनं दबक्या आवाजात विचारलं, "माय, तो आला. डबा देऊ काय?"

पार्वताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या सीडीकडे.

"त्याले म्हन थांब जरासा," त्या म्हणाल्या. "आन प्रणाली, वाटीत पानी आन. मीच पुसते. दुसऱ्यानं हात नाही लावाचा."

प्रणाली सांगत गेली आणि त्या करत गेल्या. गोल गोल घासायचं नाही, मधून कडेकडे सरळ बोट न्यायचं, हळूच. पार्वताबाईंनी आपल्या जुन्या सुती लुगड्याची चिंधी भिजवून पुसायला सुरुवात केली. एकेका दसऱ्याचं कुंकू सुटत गेलं आणि वाटीतलं पाणी लाल होत गेलं. त्यांचे डोळेही वाहत होते, पण हात थांबला नाही. शेवटी त्यांनी सीडी पदरानं टिपली. "हे पानी मोरीत नको टाकू," एवढंच म्हणाल्या.

मग माझी पाळी होती. प्रणाली म्हणाली, आधी नक्कल करून घेऊ, मग पाहू. हा डबा पुन्हा चालला न चालला, काय सांगता येते! मला त्या बोलण्याचा राग आला नाही, कारण पोरगी खरं बोलत होती. मी वाचत गेलो आणि पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत गेली. जिथं कुंकू सर्वांत घट्ट बसलं होतं तिथं डाग राहिला होता. पट्टी तिथं येऊन अडली. मी पुन्हा वाचलं, पुन्हा अडलो. अंग तापलं. श्यामनं धावत जाऊन टेबलफॅन आणून माझ्यासमोर लावला. मघा मला भंगारात काढणारा श्याम आता म्हणत होता, "चाल रे डब्या, चाल!" मी त्या एका जागेवर इतक्या वेळा फिरलो की माझी मलाच चक्कर आली. आणि पट्टी सुटली.

नक्कल पेनड्राइव्हमध्ये गेली, लॅपटॉपमध्ये गेली. मग प्रणालीनं ती लावली.

चित्र मधूनच चौकटी चौकटी होऊन फुटत होतं. धुकं दिसलं, दरी दिसली, हिरव्या लुगड्यातल्या, काळ्या केसांच्या पार्वताबाई दिसल्या. नत्थुजी नेहमीप्रमाणे दिसले नाहीत. मग चित्र पार गोठलं, पण आवाज आला, स्वच्छ, खणखणीत.

"पार्वता!"

डोंगरानं ती हाक उचलली. पार्वता... पार्वता... लोकांचं हसणं ऐकू आलं. आणि अकोल्याच्या त्या रिकाम्या होत चाललेल्या घरात पार्वताबाईंनी पदर तोंडाशी नेला, तो अर्ध्यावरच थांबवला, आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"ओ!"

प्रणालीनं पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा ओ दिली. श्याम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पाहून झाल्यावर पार्वताबाई माझ्याजवळ आल्या. वाटीच्या तळाशी कुंकवाचा गाळ बसला होता. त्यात त्यांनी बोट बुडवलं, क्षणभर थांबल्या, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्या कपाळावर टेकवलं. उरलेलं पाणी त्यांनी अंगणातल्या झेंडूला घातलं. भंगारवाला पाणी पिऊन रिकाम्या हातानं गेला.

त्या दिवसानंतर मी पुन्हा चालू झालो नाही. माझं आतलं काहीतरी त्या तापण्यात संपलं असावं. तरी मला अमरावतीला आणलं आहे. गॅलरीत, पार्वताबाईंच्या खुर्चीशेजारी मी असतो. त्या पाय लांबवून बसतात आणि प्रणालीनं मोबाइलमध्ये घालून दिलेली ती हाक ऐकतात. माझ्या कपाळावरचं कुंकू आता फिकट झालंय, पण आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात, गादीखाली कुठंतरी अशा सीड्या पडल्या असतील. त्या आजच काढा. एखादा माझ्यासारखा डबा अजून फिरत असेल तोवर त्यांच्या नकला करून ठेवा, एक घरी आणि एक दुसऱ्या कुणाकडे. पूजा अवश्य करा, पण नावाच्या बाजूनं. आणि घरात कुणी तुम्हाला हाक मारली, तर लाजू नका, हातातलं काम सोडा आणि तेव्हाच्या तेव्हा ओ द्या.