चारशे वर्षांचा खळगा

मी पायरी बोलतेय. जुन्या मशिदीच्या दारातली, सगळ्यात वरची.

पाथरवटाने घडवलं तेव्हा मी अगदी सपाट होते. मग माणसं येऊ लागली. मशिदीत शिरताना उजवा पाय आधी टाकायचा, बाहेर पडताना डावा. गंमत अशी, की आत जाणाऱ्याचा उजवा आणि बाहेर येणाऱ्याचा डावा माझ्या एकाच कडेला पडतो. चारशे वर्षं पडत राहिला. तिथे मला ओंजळीएवढा खळगा पडला. मला त्याचा भारी अभिमान होता. मिनारांची नक्षी कारागिरांनी कोरली. माझा खळगा नमाजाला येणाऱ्या सगळ्यांनी मिळून कोरला.

इथे बांग द्यायला चाचा यायचे. त्यांची नजर जाऊन वीस वर्षं झाली होती. चपला खाली काढायच्या, काठी लेकीजवळ द्यायची आणि अनवाणी पायाने खळगा चाचपून म्हणायचं, "आलो गं!" तिथून नाकासमोर सव्वीस पावलं मोजली की बांगेची जागा. कधी चुकले नाहीत.

मग म्हणे आमचं नशीब उघडलं. मशीद 'वारसा' ठरली. साहेब आले, दोरी धरून मापं घेतली.

"ही कड झिजलीय. मूळ रूपात आणा."

"लोकांच्या पायांनी झिजलीय साहेब, राहू द्या की," गवंडी म्हणाला.

"आणि पाहुणे काय म्हणतील?"

दगडाचा भुगा, कसलासा चिकट रस, वरून पॉलिश. चारशे वर्षं दीड दिवसात बुजवली मेल्यांनी.

काम संपेपर्यंत मशीद बंद होती. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा आले. पाय ठेवला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

"बेटी, कुठं आणलंस मला?"

"अब्बा, आपलीच मशीद आहे."

"मग माझी पायरी कुठंय?"

मी त्यांच्या पायाखालीच होते. पण ओरडणार कशी? लेक हात धरायला पुढे झाली, तर "माझी वाट मला ठाऊक आहे" म्हणत ते तसेच निघाले, हातभर डावीकडून. सोळाव्या पावलाला खांब आला. कपाळ फुटलं.

"चाचा, वय झालं तुमचं. आता घरी आराम करा," विश्वस्त म्हणाले. सगळ्यांना चाचांचं वय दिसलं. माझं पॉलिश कुणालाच दिसलं नाही.

आता गाईड पाहुण्यांना मला दाखवतो. "बघा, चारशे वर्षांत एक ओरखडा नाही!" पाहुणे वा वा करतात, फोटो काढतात. मला शरम वाटते. संध्याकाळी चाचा येतात, माझ्या कडेला बसून दुसऱ्याची बांग ऐकतात. बुजवलेल्या जागेवरून हात फिरवत राहतात. "आलो गं" म्हणत नाहीत.

पाहुण्यांनो, फोटो पुरे झाले. आत जाताना उजवा आणि बाहेर येताना डावा, त्याच कडेला, जरा जोर देऊन टाका. खळगा पुन्हा पडायला चारशे वर्षं लागतील, एवढं मलाही कळतं. पण लवकर करा. चाचा ऐंशीचे आहेत.