हात वर

डॉक्टरांच्या दवाखान्यात कपाटाच्या वरच्या खणात एक तपकिरी बाटली असे. तिच्यावर लॅटिन नाव होतं, 'कॅनाबिस'. कंपाउंडर तिला नुसतं 'हिरवं' म्हणायचा. हे हिरवं बऱ्याच रोग्यांना जाई, पण डॉक्टर ते जपून ठेवत ते थोरल्या बहिणीसाठी. एका मोठ्या आजारपणानंतर ताईच्या पायांत असे पेटके यायचे की खाट करकरायची. मग पाण्यातून थोडे थेंब द्यायचे, की काही वेळानं ताई धाकट्या भावाची खरडपट्टी काढायला मोकळी.

"बारक्या, एवढा डॉक्टर झालास, पण शर्टाची बटणं अजून वरखालीच लावतोस!"

तिनं असं झापलं की डॉक्टरांना औषध लागू पडल्याची खात्री पटायची.

त्या वर्षी सरकारनं गांजाबंदीचा कायदा करायचं मनावर घेतलं आणि रीतसर डॉक्टरांच्या संघटनेचं मत मागवलं. संघटनेची सभा भरली. अध्यक्षांचं भाषण लांबत चाललं होतं, बाहेर चहा निवत होता आणि निम्म्या सभेचे कान कपबश्यांकडे लागले होते.

"गांजावर बंदी घालावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

झाडून सगळे हात वर गेले. न जाऊन सांगतात कुणाला! गांजा म्हणजे पुलाखाली डोळे तारवटून बसणारी टोळकी. त्यांची बाजू घेऊन कोण नाव घालवणार? आपल्या डॉक्टरांचा हात तर पहिल्या फटक्यात वर गेला. बाटलीतलं औषध आणि गांजा, दोन्हींचं झाड एकच, हे त्यांनी कॉलेजात वाचलं होतं, पण परीक्षेपुरतं. लॅटिन नाव कोट घालून दवाखान्यात बसायचं, गांजा अनवाणी पुलाखाली. दोघांची गाठ डॉक्टरांच्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. एवढी शिकलेली मंडळी, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये! सभा संपली, चहा गारच निघाला.

कायदा झाला आणि एके दिवशी सरकारी निरीक्षक दवाखान्यात आले. त्यांनी थेट वरच्या खणाला हात घातला.

"अहो, हे औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "गांजा नव्हे."

"डॉक्टरसाहेब, कॅनाबिस म्हणजे गांजाच की. हे मी तुम्हाला सांगायचं?" माणूस भला होता, बोलताना त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "आणि तुमच्याच संघटनेचा पाठिंबा आहे. एकमतानं."

निरीक्षकांनी बाटलीच्या बुचावर लाखेचा शिक्का मारला आणि ती पिशवीत घालून नेली.

डॉक्टर तसेच अध्यक्षांकडे धावले. अध्यक्षांनी जन्मभर हेच थेंब अर्धशिशीला दिलेले.

"खरं आहे तुझं, पण आता माझ्या हातात काय आहे?" म्हणत त्यांनीही हात वर केले. हे हात वर करणं वेगळं, पण डॉक्टरांना दोन्हींतला फरक कळेनासा झाला.

डॉक्टरांनी ताईला दुसऱ्या गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली. ती गुंगीत पडून राहायची आणि गुंगी उतरली की पाय पुन्हा वाकडे व्हायचे. डॉक्टर आता मुद्दाम बटणं वरखाली लावून तिच्यासमोर जात. तिचं लक्षच नसे. त्यांना रडू यायचं.

"बारक्या, ते थेंब दे ना रे," एका दुपारी ती म्हणाली.

"ते बंद झालं, ताई."

"कुणी केलं?"

"सरकारनं."

"असं कसं? तुम्हा डॉक्टरांना कुणी विचारलं नाही?"

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. खोटं बोलणं सोपं होतं, पण ताईपुढे ते त्यांना लहानपणापासून कधी जमलं नव्हतं.

"विचारलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

तेवढ्यात पेटका आला. तिनं दात आवळून त्यांचा हात घट्ट धरला. उत्तर द्यावं लागलं नाही म्हणून डॉक्टरांना क्षणभर हायसं वाटलं.